पंच्याने गाळलेला उजेड

कानमने, तालुका शिरसी
४ जुलै १९८८

चि. श्रीपादास अक्काचे मनापासून आशीर्वाद.

पहिलं रीळ संपवून आज रजिस्टर पोस्टाने पाठवलं. छत्तीस चौकटी. कोणत्या चौकटीत कोण बसलंय ते सोबतच्या कागदावर आहे. त्यासाठी घरखर्चाची वही उलटी करून मागच्या पानापासून नोंद सुरू केली. पुढून तांदूळ-गूळ, मागून मुंग्या-भुंगे. दोघं मध्ये भेटले की नवी वही आणू.

मृगात तू आलास, दोन दिवस शिकवलंस आणि कॅमेरा माझ्या ओटीत घालून गेलास. तुझ्या कॉलेजातल्या कट्टीमनी साहेबांचं बागेतल्या किड्यांचं पुस्तक दिवाळीआधी छापायला जायचं, त्यात चाळीस फोटो तुझे असायचे, आणि ते झाले की तुझी अकरा वर्षांची फोटोग्राफरची तात्पुरती नोकरी कायम व्हायची. तुला रजा मिळत नाही म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर पन्नाशीच्या बाईने पोफळीखाली गुडघे टेकून मुंगीपुढे श्वास कोंडायचा, याला काय म्हणावं? मॅट्रिकला शास्त्रात त्रेसष्ट गुण होते, त्या भांडवलावर चाललंय.

अडचणी सांगते. पिशवी चामड्याची, म्हणून सोवळं सुटल्याशिवाय तिला हात लावत नाही. नैवेद्य झाल्यापासून जेवणापर्यंत जो काय तास-दीड तास मिळतो तेवढाच. बागेत भर दुपारीही कातरवेळ असते, त्यामुळे फ्लॅशशिवाय काही उमटत नाही हे तुझं म्हणणं पटलं. पण एकदा उजेड पाडला की तो शिटी वाजवत पुन्हा भरेपर्यंत किडा पुढच्या झाडावर. तुझे भावजी म्हणतात, "वीज चमकली की मी गडगडाटाची वाट बघतो. नाही आला की समजतो, तू आहेस."

जेवण वेळेवर घे. खानावळीत ताक मिळत नसेल तर काढ्यासाठी धने-जिऱ्याच्या कषायाची पूड पाठवते.

तुझी,
नागवेणीअक्का

*

धारवाड
१३ जुलै १९८८

ती. अक्कास, श्रीपादचा पाया पडून नमस्कार.

रीळ धुऊन आलं. प्रती सोबत आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर शेरा लिहिलाय. रागावू नकोस. छत्तीसपैकी एकही घेता येणार नाही, पण पहिल्या रिळात माझंही तेच झालं होतं.

तुझी मुंगी मुंगी दिसत नाही, उन्हात घासून ठेवलेला स्टीलचा डबा दिसते. पाठीवर पांढरा ठिपका आणि बाकी अंधार. फ्लॅश बारीक आहे म्हणून असं होतं. सूर्य केवढा मोठा, पण लांब असल्यामुळे टिकलीएवढा, म्हणून ऊन कडक. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. तुला किड्यासाठी ढग करायचा आहे. फ्लॅशपुढे पांढरं, पातळ काहीतरी धर, शक्य तेवढं मोठं आणि किड्याच्या शक्य तेवढं जवळ. काय धरायचं ते तुझं तू बघ. तुझ्या घरात काही वाया जात नाही हे मला माहीत आहे.

दुसरं, किड्याच्या मागे अमावास्या झाली आहे. उजेड तिथवर पोचत नाही. मागे वीतभर अंतरावर एखादं हिरवं पान टांगत जा.

तिसरं, नेम साधायला भिंगाची कडी फिरवू नकोस. ती एकदा बसवली की बसवली. आपणच अंग पुढेमागे करायचं, जात्यावर बसल्यासारखं, आणि डोळा स्पष्ट दिसला की दाबायचं. माशीचा डोळा, तुझा नव्हे.

किडे फारच पळत असतील तर इथे काही जण बाटलीत औषधाचा बोळा घालून त्यांना गुंगी आणतात, कुणी पायाला डिंकही लावतात. तुला हवं तर कळव.

वेळ कमी आहे. दर पंधरा दिवसांनी दोन रिळं आली पाहिजेत.

तुझा,
श्रीपाद

*

कानमने
२८ जुलै १९८८

चि. श्रीपादास आशीर्वाद.

आधी बोळ्याचं. आपल्या घरात दिव्यावर झडप घालणाऱ्या पतंगालासुद्धा अप्पा वाटीने झाकून बाहेर सोडत, हे तू विसरलास की तुला धारवाडचं पाणी लागलं? पायाला डिंक लावलेली मुंगी पुस्तकात छापून लोकांना काय शिकवणार आहेत तुझे साहेब? थांबली तर काढीन, नाही थांबली तर तिच्यामागे जाईन. विषय संपला.

आता ढगाचं. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, पडली होती, आतून पांढरट. ती ओली असतानाच वळवून शिवली आणि फ्लॅशला नरसाळ्यासारखी बसवली. तोंडाला मामंजींचा जुना पंचा ताणून बांधला. सोवळ्यातून कधीच बाद झालाय, धुऊन धुऊन जाळीसारखा झालाय. एक पदर लावला तर उजेड अजून बोचतो, तीन पदर लावले तर किडाच बुडतो, दोन पदर बरोबर. हे अंदाजाने लिहीत नाही. दुसऱ्या रिळात पानावरच्या एकाच ढेकण्या किड्यावर अकरा चौकटी खर्च केल्या आणि सगळ्या मांडून ठेवल्या: चौकट सात, भिंगाचं छिद्र सोळा, दिवा चार बोटं, पंचा दुपदरी. त्यावरून तुला कळेल कोणती जमली. ढेकण्या बिचारा अकरा वेळा उजळून निघाला आणि जागचा हलला नाही. मला वाटलं मेला. हात लावला तर असा वास सोडला की त्या दिवशी दोनदा आंघोळ झाली.

अंग पुढेमागे करायचं जमतंय. जपाला बसल्यासारखं होतं. श्वास सोडायचा, रिकाम्या छातीने पुढे व्हायचं. परवा पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या घरापाशी तशी गेले आणि त्यातली एक माझ्या भुवईवर चढली. तरी दाबलं. चौकट एकोणतीस, बघ.

तुझ्या प्रती आल्या त्या दिवशी भावजींना दाखवल्या. म्हणाले, "काळ्यावर पांढरं आहे, अमावास्येचं चांदणं." तेवढ्यावर त्यांचं समाधान.

नागवेणीअक्का

*

धारवाड
९ ऑगस्ट १९८८

ती. अक्का, नमस्कार.

उजेड सुधारला, पंच्याला माझा दंडवत. पण नेम चुकतोय. या वेळच्या दोन्ही रिळांवरच्या बहात्तर चौकटींतून मी तीन घेतल्या, त्याही थोड्या डोळे मिटून. बाकीच्यांवर 'अस्पष्ट' हाच शेरा आहे. एकोणतिसाव्यातली मुंगी तू भुवईवर बसवून काढलीस, पण तिच्या जबड्याची धार दिसत नाही, धूर दिसतो. ढेकण्याच्या अकराही चौकटी मऊ.

तू घाई करतेस का? जेवणाचा तास गाठायचा म्हणून? हात कापतो का? काठी रोवून तिला मनगट टेकव. छिद्र सोळावरून बावीसवर ने, म्हणजे किड्याचं पुढचं-मागचंही थोडं स्पष्ट येईल. फ्लॅश आणखी एक बोट जवळ आण.

कट्टीमनी साहेब रोज विचारतात किती झाले. मी म्हणतो, होतायत. दिवसभर भिंग डोळ्याला लावून तुझ्या प्रती बघतो, झोपतानाही पांढरे ठिपके नाचत असतात. आणखी दोन महिने आहेत, म्हणजे म्हटलं तर आहेत. सदतीस बाकी. मी बसलो की पाय हलत राहतो, खानावळवाले म्हणतात माझ्या टेबलावर आमटी टिकत नाही.

नवी रिळं पाठवतोय. जपून नको, भरभर वापर.

श्रीपाद

*

कानमने
२२ ऑगस्ट १९८८

चि. श्रीपादास आशीर्वाद.

काठी रोवली. छिद्र बावीस केलं. फ्लॅश तीन बोटांवर आणला, इतका जवळ की पंच्याची किनार पानाला लागते. तुझे शेरे वहीत माझ्या नोंदीसमोर उतरवून घेतले आणि दोन दिवस जुळवत बसले. जुळत नाहीत. जिथे श्वास हलला होता म्हणून मीच फुली मारली होती ती सतरावी चौकट तू घेतलीस, आणि जिथे मला मुंगीच्या पायावरचे केस मोजता येतात ती नाकारलीस. असेल, तुझं भिंग मोठं, माझे डोळे बायकी, तांदूळ निवडण्यापुरते. तुला जे दिसतं ते मला कसं दिसावं? तरी मनाला चैन नाही. रांधताना, जप करताना बोट आपोआप दाबलं जातं.

नागपंचमीला दोन दिवस माती उकरायची नाही म्हणून शेणखताच्या खड्ड्याला कुणी हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी खत उपसताना मोठा गेंड्या भुंगा निघाला. शिंग बोटाच्या पेराएवढं, पाठ कशी, तर लाखेने घोटलेल्या पाटासारखी. तू दिलेल्या किड्यांच्या यादीत पहिलाच. तो नारळाचा कोंब पोखरतो म्हणून गडी चिरडायला निघाला होता. मी गड्याकडे एका दुपारची सूट मागितली. "अक्का, ह्याचा फोटो कशाला, ह्याला पोलीस शोधतायत का?" असं विचारून तो हसत बसला. वीस चौकटी काढल्या. नंतर त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस.

औषध मारणारे परवा येतील. मोरचूद-चुना फवारला की बाग आठवडाभर निळी आणि मुकी. त्याआधी उरलेली रिळं संपवते.

चवथीला येशील ना? अळूची करकली तुझ्यापुरती वेगळी काढते, कमी तिखटाची.

नागवेणीअक्का

*

धारवाड
३ सप्टेंबर १९८८

ती. अक्का, नमस्कार.

चवथीला जमणार नाही. काम आहे, आणि बसचा प्रवास सध्या नको वाटतो, डोकं दुखतं.

गेंड्या भुंग्याच्या वीसही प्रती पाहिल्या. शिंग मऊ, डोळा मऊ. मात्र पाठीवरची चकाकी अप्रतिम आली आहे. पांढरी, स्वच्छ, एकही डाग नाही. अशी चकाकी मला कधी साधली नव्हती. फक्त त्यासाठी एक ठेवतो. म्हणजे चार झाले.

मीही इथे खोलीत फ्लॅश लावून माशांवर चाचणी करत होतो. त्याचा परिणाम असेल, फ्लॅश ठेवून दिला तरी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज लकाकत राहते. आणि चिलटं. या वर्षी धारवाडला चिलटं फार झालीत. हाताने हाकलली तरी जात नाहीत.

छत्तीस बाकी. अक्का, जरा मनावर घे.

श्रीपाद

*

कानमने
१२ सप्टेंबर १९८८

चि. श्रीपादास आशीर्वाद.

माफी मागायला लिहिते आहे, आणि थोडं विचारायलाही.

भुंग्याच्या प्रती आल्या तेव्हा भावजी तांबूल लावत बसले होते. एक हातात घेतली आणि चष्मा न लावता म्हणाले, "अगं, माझ्या अप्पय्यांच्या पंच्याचं ठिगळ या किड्याच्या पाठीवर कसं?" मी बघितलं. खरंच. पाठीच्या लाखेत पांढरी खिडकी उमटली आहे आणि तिच्या मधोमध चौकोनी ठिगळ, माझ्या आडव्या-उभ्या टाक्यांसकट. आमच्या घरचं ठिगळ पुस्तकात छापून गावभर जायचं, या विचाराने मला आधी हसू आलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचा फिरवून बांधला, आता दिसणार नाही.

पण तू लिहिलंस, स्वच्छ, एकही डाग नाही.

लहानपणी माझ्या भाकरीवरचा केस तुला ओसरीवरून दिसायचा. परकराच्या काठाचा एक दोरा निघाला तरी तू नाव ठेवायचास. आणि भिंगातून तुला ठिगळ दिसलं नाही? गडबडीत बघितलंस का? तुझ्या पत्राच्या ओळीही पायऱ्या उतरल्यासारख्या खाली उतरतायत. बसून, सावकाश लिहीत जा.

सोबत नवं रीळ आहे, खतात निघालेल्या दुसऱ्या गेंड्या भुंग्याचं. त्यातली एकतिसावी चौकट नीट बघ आणि भुंग्याच्या पाठीवर काय दिसतं ते मला लिही. एवढं काम माझ्यासाठी कर.

आणि ऐक, जमतील तेवढे फोटो छापखान्यात द्यायचे असतील तर पितृपक्षात देऊ नकोस. नवं काही त्या पंधरवड्यात हाती घ्यायचं नसतं. दसऱ्यानंतर बघू.

चवथीला तू नसशील म्हणून पंचकज्जाय, आपली डाळ-गुळाची गोड पूड, आधीच डब्यातून पाठवली आहे.

नागवेणीअक्का

*

धारवाड
२४ सप्टेंबर १९८८

ती. अक्का, नमस्कार.

प्रती पाठवतोय. एकतिसावी पाहिली. ठिगळच आहे, पाहिलं, किती वेळा तेच सांगशील? मागच्या वेळी घाईत राहून गेलं. तू फोटो काढतेस की माझी परीक्षा घेतेस? ठिगळाने काही बिघडत नाही, छापताना झाकता येतं. नेमाकडे लक्ष दे, बाकी सगळं मऊच आहे.

पंचकज्जाय पोचली. खानावळीतल्या सगळ्यांनी खाल्ली.

श्रीपाद

*

कानमने
२८ सप्टेंबर १९८८

चि. श्रीपाद,

एकतिसाव्या चौकटीत ठिगळ नाही. पंचा फिरवून बांधला होता हे मी तुला कळवलंही होतं. त्या पंच्याच्या मधोमध मी तुळशीचं एक पान चिकटवलं होतं. प्रत माझ्यासमोर आहे. पान दिसतंय. भावजींना दिसलं, पोस्टमन मंजुनाथला दारातून दिसलं, विहिरीवरच्या बाईला दिसलं.

होय, परीक्षाच होती. असं करायला नको होतं, पण दोन महिने मी हाताला शिव्या दिल्या. मला वाटलं, वय झालं, हात कापतो. काठी रोवली, श्वास कोंडला, एकादशीला उपाशीपोटी वाकले. माझा हात कापत नव्हता, श्रीपाद.

वही घेऊन बसले आणि मागचं सगळं परत मांडलं. मृगात दोन दिवस तू इथे होतास, एकही फोटो स्वतः काढला नाहीस. "तू काढ, मी बघतो," म्हणालास. ताट वाढलं तर मिठाची जागा चाचपडलीस. तेव्हा मला वाटलं, खानावळीची सवय.

कोणत्या डोळ्याने बघतोस, आणि किती दिसतं? खरं लिही. चिलटांबद्दलही खरं लिही.

अक्का

*

धारवाड
२ ऑक्टोबर १९८८

अक्का,

उजवा शिवरात्रीपासून गेलाय. एकदम नाही गेला, खालून पडदा वर चढत गेला. मी म्हटलं, जास्त काम केलं म्हणून. ज्या डोळ्याने नेम धरायचा तोच. भिंगही त्याच डोळ्याला लावायची सवय, म्हणून तुझं सगळं मला धुरातून दिसत होतं. एखादा चांगला म्हणायचो तो नुसत्या अंदाजाने. तुझ्यावर ढकललं, कारण माझ्यावर घ्यायची हिंमत नव्हती. आठवड्याला एकदा तुझी नोंद वाचायचो, चौकट, छिद्र, बोटं, पंच्याचे पदर, आणि मनातल्या मनात तो फोटो बघायचो. त्यातले बहुतेक चांगले असणार हे मला तेव्हाही कळत होतं, असं आता वाटतं.

डाव्याचं नवं आहे. विजा, चिलटं. चिलटं नाहीतच, खिडकी बंद केली तरी असतात. परवा हुबळीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले आतला पडदा फाटायला लागलाय, उजव्याचं झालं तेच होणार, लगेच भरती व्हा, वाट बघू नका. सोबत माणूस आणा.

मी सांगितलं, दसऱ्यानंतर येतो. पितृपक्ष आहे, नवं काही हाती घ्यायचं नसतं, हे तूच लिहिलंस. शुक्रवारी द्वादशी, अप्पांचं श्राद्ध. मी एकुलता एक मुलगा. डोळ्याला पट्टी बांधून उताणा पडलो तर पिंड कोण देणार? इतकी वर्षं फोटोच्या पायी सगळं सोडलं, एवढा एक दिवस कधी चुकवला नाही. आणि महिनाभर पडून राहिलो तर कॉलेजात सगळं बाहेर येईल. आंधळ्या माणसाला फोटोग्राफर म्हणून कायम कोण करेल? निदान फोटो पुरे होऊ देत. मग जे व्हायचं ते होईल.

तू रागावशील म्हणून लिहीत नव्हतो. आता लिहिलं.

श्रीपाद

*

कानमने
५ ऑक्टोबर १९८८

श्रीपाद,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आत्ताच्या हुबळी गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. धारवाडच्या गाडीवाल्याकडे देऊन तुझ्या खानावळीत पोचवीन असं तो म्हणाला. उद्या सकाळच्या गाडीने मी येते. हुबळी स्थानकावर अकराला उतरेन. तू दवाखान्याचा कागद घेऊन तिथे ये. कुणाचा तरी हात धरून ये, एकटा रस्ता ओलांडू नकोस.

पितृपक्षाचं मी लिहिलं ते छापखान्याबद्दल लिहिलं होतं, डोळ्याबद्दल नव्हे. हे नवं काम नाही. घराला आग लागली तर पंचांग उघडतात का? आपल्या पुरोहितांना, गुरुभट्टांना विचारायला माणूस पाठवणार होते, मग पाठवला नाही. ते काय सांगतील याची मला भीती वाटली, म्हणून विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. त्याचं जे काय असेल ते मला लागू दे.

अप्पांचं म्हणशील तर, पतंगाला वाटीने वाचवणारा माणूस स्वतःच्या लेकाच्या डोळ्यांच्या बदल्यात पिंड मागेल असं तुला वाटतं? पिंड पुढच्या अमावास्येला देता येतील, नाहीतर पुढच्या वर्षी. डोळा पुढच्या वर्षी मिळत नाही. ते नाराज झालेच तर मी बोलेन त्यांच्याशी. माझं ते ऐकायचे, तुझं कधी ऐकलं नाही.

कॉलेजला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. लपवायचं मात्र नाही.

मी एकटीने हुबळी कधी गाठली नाही. भावजी सोबत येतो म्हणाले, पण सुपारी उतरवायला सुरुवात झाली आहे आणि गायीचे दिवस भरलेत. म्हणाले, "मुंग्यांच्या मागे एवढी फिरलीस, बस तुला सापडेल."

कॅमेरा घेऊन येत नाही. वही आणि सगळ्या प्रती आणते आहे.

अक्का

*

धारवाड
६ नोव्हेंबर १९८८

ती. अक्कास आणि भावजींना श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

दिवसातून अर्धा तास वाचायची परवानगी मिळाली आहे. आजचा तिसरा दिवस. पहिल्या दिवशीचा अर्धा तास कशात घालवला ते शेवटी सांगतो.

उजव्याचं काही होणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. डावा वाचला. पडदा जिथे फाटला होता तिथे त्यांनी गारव्याने चिकटवला, वरून पट्टा आवळला. परवा तपासून म्हणाले, आणखी चार-पाच दिवस उशीर झाला असता तर काही हातात राहिलं नसतं. मी मान हलवली. बाहेर आल्यावर पायरीवर बसलो आणि पाय बराच वेळ हलत राहिला.

द्वादशीला तू खिडकीत केळीच्या पानावर दवाखान्यातली इडली ठेवली होतीस. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. तू म्हणालीस कावळा लगेच आला.  तू वहीत कधी खोटं लिहिलं नाहीस, म्हणून मी ते खरं धरून चाललो आहे. पुढच्या वर्षी पिंड मीच देईन.

कट्टीमनी साहेबांकडे गेलो. ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं, फोटो कुणी काढले तेही.  मग त्यांनी सगळ्या प्रती टेबलावर पसरल्या, माझ्या 'अस्पष्ट' शेऱ्यांच्या, आणि स्वतः भिंग घेऊन निवडायला बसले. चहा गार झाला. तेहतीस निघाले. ढेकण्याच्या अकरांपैकी सातवा त्यांनी घेतला, छिद्र सोळा, दिवा चार बोटं, पंचा दुपदरी. म्हणाले, "ह्या बाईंनी असं टिपण ठेवलं नसतं तर मी यावर विश्वास ठेवला नसता." पुस्तकात फोटोंखाली नाव सौ. नागवेणी हेगडे असंच छापायचं. छपाई पौषात ढकलली आहे. माझ्या नोकरीचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कॅमेऱ्याचं काम माझ्याकडे राहणार नाही एवढं उघड आहे. ग्रंथालयात चित्रं लावून ठेवायला माणूस लागतो, असं दारात निरोप देताना म्हणाले. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे अजून ठरवता येत नाही. रात्री त्यावरच कूस बदलत असतो.

सात बाकी आहेत. दोन रिळं सोबत पाठवतो. या वेळी शेरे साहेबांचे असतील, माझ्यावर राग काढता येणार नाही.

आता त्या अर्ध्या तासाचं. एकतिसावी प्रत काढली आणि डाव्या डोळ्याला भिंग लावलं. सवय नाही, त्यामुळे आधी नुसतं काळं. मग हळूहळू पुढेमागे झालो, जात्यावर बसल्यासारखा. पाठीची लाख दिसली. तिच्यात पांढरी खिडकी. खिडकीत तुळशीचं पान. ते तू लिहिलं होतंस, म्हणून मला दिसलंच असतं. पण त्या पानाच्या उजव्या कडेला एक खाच आहे, अळीने कुरतडल्यासारखी. हे तू लिहिलं नव्हतंस. पूजेला चालायचं नाही म्हणून बाजूला काढलेलं पान तू माझ्यासाठी वापरलंस, होय ना?

आणि खिडकीच्या खाली, अगदी कडेला, गव्हाच्या दाण्याहून लहान, एक काळी आकृती आहे. गुडघे टेकलेली. एक कोपर वर, मान पुढे. श्वास कोंडलेला कळतोय.

श्रीपाद